दाढदुखीची साथ

१५ जानेवारी

आजपासून मी वीश्नोपिल नगराचा मानसिक आरोग्य समन्वयक. कालपर्यंत सांस्कृतिक भवनाचा व्यवस्थापक होतो आणि तिथला पितळी वाद्यवृंद चालवत होतो. पण ट्रॉम्बोन आणि दोन्ही ढोल आघाडीवर गेले, ट्युबा वाजवणारा म्हातारा मुलीकडे पोलंडला गेला, आणि उरली एक बासरी आणि एक झांजवाला. त्या दोघांचं आपसात पटत नाही.

नगरप्रमुख कापितोलिना मारकिव्नांनी सकाळी बोलावून घेतलं. त्या अंगात कोट घालूनच बसल्या होत्या, कारण हीटर बंद.

"यव्हेन पिलिपोविच, मनाचं काम करणाऱ्या नऊ संस्था आल्या आहेत गावात. कोण कुठं जातं, काय करतं, कुणाला पत्ता नाही. तुम्ही सांभाळा."

"पण बाई, मला त्या मनाबिनातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तुम्ही. कळणारे तिघं गेल्या महिन्यात ह्याच खोलीत एकमेकांवर खुर्च्या उगारून उभे होते. तुम्ही इतकी वर्षं वीस-बावीस बेवड्यांना एका तालात वाजवायला लावलंत. हे सोपं आहे. ह्यातले निम्मे तर पीतसुद्धा नाहीत."

सोबत एक माहितीपत्रक मिळालं. त्यात लिहिलं आहे की मदत करणाऱ्याने स्वतःच्या मनाचीही काळजी घ्यावी आणि रोज आपल्या भावना लिहून काढाव्यात. नियम म्हणजे नियम, म्हणून ही वही.

आजच्या भावना: नाहीत. पाय गार पडले आहेत, पण ते बहुधा भावनांमध्ये धरत नाहीत.

यारिनाचा '+' सकाळीच आला. यारिना म्हणजे आमची मुलगी. आघाडीवरून जखमींना उचलून आणणाऱ्या तुकडीत आहे. तिला लिहायला वेळ नसतो, म्हणून रोज फोनवर एक अधिकचं चिन्ह पाठवते. म्हणजे आहे, ठीक आहे.

२१ जानेवारी

पहिली समन्वय बैठक. संस्थांची नावं लांबलचक आहेत, त्यामुळे मी त्यांना जाकिटांवरून ओळखतो: निळे, नारिंगी, पिस्ता रंगाचे वगैरे. बसतो न बसतो तोच सायरन झाला. सगळे आपापली कॉफी घेऊन शिस्तीत तळघरात उतरले. ह्या बाबतीत समन्वय उत्तम आहे.

नारिंगीवाल्यांचा तरुण म्हणाला, "सुरुवातीला प्रत्येकानं सांगायचं, आज मी कोणतं हवामान आहे?"

एकजण हलकं धुकं होता. एक बाई दंव होत्या. कापितोलिना मारकिव्ना म्हणाल्या, "मला अकराला पाण्याच्या टाकीवर जायचंय." तरुणानं ते हवामान म्हणून लिहून घेतलं.

मग मी नकाशा मांडला. आठ संस्था दोन नंबरच्या शाळेत जातात. का, तर तिथं तळघर चांगलं आहे, शेगडी आहे आणि रस्ता डांबरी आहे. नववी संस्था जात नाही, कारण तिला अजून शाळा सापडलेली नाही.

मी विचारलं, "क्रुता बाल्काला कोण जातं?"

कोणीच नाही. क्रुता बाल्का आमच्याच हद्दीतलं खेडं, घळीच्या पलीकडे. तिथं आता फक्त म्हाताऱ्या राहतात. रस्ता असा की तीन महिने चिखल आणि बाकीचे महिने त्याच चिखलाचे दगड. सगळ्यांनी "क्रुता बाल्का" लिहून घेतलं. शुद्धलेखन मला विचारून घेतलं, हे विशेष.

भावना: समाधानकारक.

२४ जानेवारी

दोन नंबरच्या शाळेत स्वतः जाऊन आलो. चौथीच्या वर्गात पाय ठेवला तर उस्तिना नावाची दोन वेण्यांची पोरगी कागद पुढे ओढून म्हणाली, "काका, आज कुठलं घर?"

"म्हणजे?"

"धुराचं का इंद्रधनुष्याचं? निळ्यांना धुराचं लागतं. नारिंगीवाल्यांना इंद्रधनुष्याचं. तुम्ही नवीन आहात, तर अर्धं-अर्धं काढून देऊ?"

मी म्हटलं, काहीच नको. तेव्हा सगळ्या वर्गाने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

मागून खिडकी धाडकन आपटली. मी दचकलो. वर्गातल्या एकूण एक मुलाने नाकाने श्वास घेतला, चार मोजले, तोंडाने सोडला. शिक्षिकेनेसुद्धा. नंतर ती मला दाराबाहेर घेऊन गेली. "यव्हेन पिलिपोविच, पाया पडते. मला एक तास भागाकाराला द्या. ही पोरं चारपर्यंत उत्तम मोजतात, पाचावर गेलं की अडतात."

घरी येऊन मी वेळापत्रक बनवलं, अगदी वाद्यवृंदाच्या स्वरलिपीसारखं. कोणी कधी वाजवायचं, कोणी कधी गप्प बसायचं. निळ्यांच्या वाट्याला मंगळवारी विश्रांती आली. त्यांचा रात्री फोन आला, आम्ही काय वाईट केलं?

६ फेब्रुवारी

पुरुष मंडळी येत नाहीत. मदतीची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे, विशेषतः आघाडीवरून परतलेल्यांना. आमच्याकडे झ्लाता आहे, खरी मानसशास्त्रज्ञ. पूर्वेकडचं घर गेल्यावर एक बॅग आणि एक मांजर घेऊन आमच्याकडे आली. दवाखान्यात तिला चांगली खोली दिली, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: मानसिक साहाय्य. महिनाभर एक पुरुष आला नाही. एकजण आला होता, तो विजेचा मीटर बघायला.

त्यात परवा त्या खोलीतली नळी थंडीनं फुटली. झ्लाताला तात्पुरतं मागच्या बोळात, दंतवैद्य आर्सेन देमिदोविचच्या समोरच्या खोलीत बसवलं. पाटी लावायला जागाच नव्हती.

११ फेब्रुवारी

आर्सेन देमिदोविच माझ्या टेबलावर मूठ आपटून गेला. सभ्य माणूस आहे, एरवी मूठ आपटत नाही.

"हे काय चाललंय माझ्या बोळात? रोज चार-पाच दांडगे पुरुष येतात. गालाला मफलर बांधून! कण्हत बसतात. मी म्हणतो, या आत. तर म्हणतात, नाही नाही, आधी तुम्ही ह्यांना घ्या. आठवडाभरात माझ्याकडे एकानं तोंड उघडलं असेल तर शपथ!"

अहवाल द्यायला आलेली झ्लाता कागद आवरता आवरता म्हणाली, "माझ्याकडे कुणाचं मिटत नाहीये."

म्हणजे झालं असं की गावातल्या पुरुषांनी परस्पर तोडगा काढला. बायकोला सांगायचं दाढ दुखते, शेजाऱ्याला सांगायचं दाढ दुखते, आणि समोरच्या दारात शिरायचं. ह्याची सुरुवात माकारने केली. माकार पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा, मग सुरुंग काढायच्या तुकडीत गेला, डावा पाय गुडघ्याखाली तिकडेच ठेवून आला. तो स्वतःच मला दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, पाय गेला तो दुखत नाही. दाढ मात्र मरणाची ठणकते." आणि रांगेतले तिघे मान हलवू लागले.

बाजारात बायका म्हणतात, पाण्यात काहीतरी आहे.

कापितोलिना मारकिव्नांना सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नळी दुरुस्त करू नका."

भावना: अभिमान. हे माझ्या समन्वयातून घडलं नाही हे खरं, पण समन्वयाच्या काळात घडलं.

१५ फेब्रुवारी

वार्वाराचं काय करावं कळत नाही. बायको माझी, तीस वर्षांची ओळख, पण हल्ली ती विचित्र वागते. परवा माझा फोन पिठाच्या डब्यात लपवला. मी म्हटलं, का? तर म्हणते, "तू जेवताना सतरा वेळा बघितलास."

मी तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. मग वाटलं, रंगाप्रमाणे बऱ्या. मग पुन्हा उंचीप्रमाणे. ती जिन्यावर उभी राहून नुसती बघत होती. तिला झ्लाताकडे पाठवावं का, असा विचार मनात आला. युद्धाचा ताण एकेकावर कसा येतो ते माहितीपत्रकात दिलंच आहे.

१७ फेब्रुवारी

'+' नाही. तिकडे नेटवर्क वाईट असतं.

१८ फेब्रुवारी

नाही.

बैठकीत पिस्ता रंगवाल्यांनी आठ रंगांच्या पेन्सिली मागितल्या. मी त्यांच्यावर ओरडलो. का ओरडलो ते आठवत नाही. मला वाटतं, रंग जास्त होते.

१९ फेब्रुवारी

क्रुता बाल्काला उद्या मीच जाणार. कुणी येवो न येवो. बसून राहणं बरं नाही.

२० फेब्रुवारी

गेलो. झ्लाता, मी आणि गाडी चालवायला माकार. गाडी जुनी टपालखात्याची. माकार क्लच कृत्रिम पायाने दाबतो, त्यामुळे प्रत्येक गिअरला आम्ही तिघं पुढे वाकून नमस्कार करतो. घळीपर्यंत पोहोचेस्तो सगळ्या शेतांना नमस्कार झाला होता. घळीत गाडी चिखलात रुतली. माकार खाली उतरून म्हणाला, "माझा एकच बूट भिजतो, तुम्ही दोघं बसा." आणि फळ्या टाकून गाडी बाहेर काढली.

गावच्या क्लबात शेगडी पेटलेली, आणि भिंतीला लागून म्हाताऱ्या. डोक्याला रुमाल, मांडीवर हात. त्यांची पुढारी मोत्र्याआजी, ऐंशीच्या पुढची, काठी टेकून उभी.

"वेड तपासायला आलात ना? म्हणजे आमची घरं काढून घेता येतील."

"नाही हो आजी," मी म्हटलं, आणि तयार केलेलं भाषण सुरू केलं. सेवेचे तीन स्तर, संदर्भ सेवा, पाठपुरावा. चांगलं चाललं होतं. दुसऱ्या स्तरावर असताना मोत्र्याआजी म्हणाली, "पोरा, तू जेवलास कधी?"

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला पोरा! मी म्हटलं, हे महत्त्वाचं नाही. पण तोवर बिटाच्या गरम बोर्शची वाटी हातात आली होती. राय धान्याची भाकरी, खारवलेली चरबी आणि खवलेल्या ख्रिनच्या मुळाची ती झणझणीत चटणी, जी नाकातून थेट मेंदूत जाते.

"तुझं कोण आहे तिकडं?" आजीनं विचारलं.

"मुलगी."

"निरोप येतो?"

"येतो. रोज येतो. म्हणजे, नेटवर्क नसतं तिथं कधी कधी…"

"कधीपासून नाही आला?"

त्या वेळी मी चटणीचा मोठा घास घेतला होता. फारच तिखट होती ती. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, शब्द फुटेना. रुमाल पुरेना. शेजारच्या म्हातारीनं आपल्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक पुढे केलं. मोत्र्याआजीनं माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. तिच्या लोकरी जाकिटाला धुराचा आणि बकरीचा वास येत होता. चटणीचा असर बराच वेळ राहिला.

त्यानंतर एक गंमत झाली. भिंतीशी बसलेली एक म्हातारी कुणाला उद्देशून नाही अशी बोलायला लागली. तिचा मुलगा दोन वर्षं बेपत्ता आहे, आणि ती रोज त्याचं ताट मांडते, आणि मग दार लावून घेते, कुणी बघू नये म्हणून. दुसरी म्हणाली, मी अजून तळघरातच झोपते, पलंगावर झोपले की घर अंगावर येतं.

"अगं, आपलं कुंपण एक आहे! मला का नाही सांगितलंस?"

"तुझं तुला कमी होतं का?"

मग सगळ्याच बोलल्या. झ्लाताने फारसं काही केलं नाही, नुसती शेगडीत लाकडं सारत होती आणि मधूनच एखादा प्रश्न विचारत होती. निघताना मोत्र्याआजी तिला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ये. त्या चटणीवाल्या पोरालापण आण."

परतताना झ्लाता म्हणाली, "आजची बैठक तुमच्यामुळे झाली."

मलाही तसंच वाटतं. प्रस्तावना नेमकी झाली की पुढचं सोपं जातं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमची दाढ कशी आहे, यव्हेन पिलिपोविच?"

"सगळ्या शाबूत."

"दुखली तर गुरुवारी दुपारी मी मोकळी असते."

बिचारी फार दमली आहे. माझ्यात आणि पेशंटांत गल्लत करायला लागली.

२२ फेब्रुवारी

सकाळी '+' आला. सोबत दोन शब्द: फोन बुडाला.

वार्वाराने बटाटे जाळले. आम्ही दोघांनी ते सगळे खाल्ले, कोळशासकट.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज उजवीकडची खालची दाढ जरा ठणकत होती. म्हटलं, बोळातून जाऊन येऊ.

झ्लाताच्या दाराची मूठ धरणार तेवढ्यात मागून आर्सेन देमिदोविच. "तुम्हीपण?"

आता समन्वयकाने काय सांगावं? म्हटलं, "छे, छे. माझी खरंच दुखते."

"खरंच?" त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला नाही म्हणवेना. खुर्चीत बसवलं, दिव्याचा झोत पाडला आणि ओरडला, "अहो, आहे की! चांगला खड्डा आहे!" सुई टोचली, कोरलं, भरलं. ह्या महिन्यातला त्याचा पहिला खरा पेशंट बहुधा मीच. पैसे घेतले नाहीत.

तिथून मी झ्लाताकडे गेलो. अर्धा जबडा बधिर, जीभ लाकडासारखी. मी तासभर बोललो. यारिना लहान असताना सायकलवरून पडली होती तिथून सुरू केलं ते पार बरण्यांपर्यंत आलो. तोंडातून निघत होतं नुसतं "फफ्फ फ्हफ". माझं मलाच कळत नव्हतं.

"तुम्हाला काही कळलं का?" शेवटी मी विचारलं. म्हणजे तेच, पण फ आणि ह मध्ये.

"सगळं," झ्लाता म्हणाली.

घरी येऊन जेवलो आणि दुपारीच झोपलो. वार्वाराने उठवलं नाही. बहुतेक तिची तब्येत सुधारते आहे.

१८ मार्च

यारिनाला रजा मिळाली. परवा येणार. मी तिच्या सुटीचं वेळापत्रक केलं: पहिला दिवस विश्रांती, दुसरा दिवस मोकळा संवाद, तिसरा दिवस निसर्ग. माहितीपत्रकातली सहा वाक्यं पाठ केली, घरी परतलेल्या माणसाशी बोलायची. वार्वाराने वेळापत्रक वाचलं आणि त्यावर मासळी साफ केली.

२४ मार्च

यारिना आली आणि झोपली. जेवायला उठायची, ताटाकडे बघायची, पुन्हा झोपायची. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणून पाहिलं: "तुला जेव्हा बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे." ती म्हणाली, "बाबा, मीठ दे." दुसरं वाक्य मी म्हटलं नाही.

आज वार्वारा बेकरीत कामावर गेली होती. यारिना न्हाऊन आली. केस पाठीपर्यंत, पण मागे असा गुंता झालेला की कंगवा शिरेना. हेल्मेटखाली आठवडेच्या आठवडे राहिलेले. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर माझ्याकडे पाठ करून बसली आणि कात्री मागे दिली.

"बाबा, गुंता तेवढा काप. आई घरी असती तर तिला सांगितलं असतं."

"मला जमायचं नाही गं."

"काप रे. कोण बघतंय?"

मी गुंता कापला. तो खाली पडला तशी ती म्हणाली, "आमच्याकडे एक होता, सतत गायचा. बेसूर. तू ऐकलं असतंस तर हाकलून दिलं असतंस." आणि हसली. मी थोडे आणखी कापले, कडा सारखी करायला. ती म्हणाली, त्याला गाडीत घातलं तेव्हाही तो गात होता. "मी त्याला हात धरू दिला नाही, बाबा. मला सुई लावायची होती, दोन्ही हात हवे होते."

गुंता केव्हाच संपला होता. पण माझ्या लक्षात आलं की कात्री वाजते आहे तोवर ती बोलते. मी थांबलो की तीही थांबते. म्हणून मी कापत राहिलो. अगदी थोडे थोडे. इकडून, मग तिकडून. एक वाक्य मला सुचलं नाही, एक पाठ केलेलं आठवलं नाही. ती भिंतीकडे बघून सांगत होती, तो गाणारा, ती ओली पायवाट, तो फोन ज्या डबक्यात पडला ते डबकं, आणि फोन का पडला ते. मध्येच तिचे खांदे हलायला लागले. मी कात्री हवेत वाजवली. कापायला खरं म्हणजे फारसं उरलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. वार्वारा पिशवी घेऊन दारातच उभी राहिली.

"अरे देवा! काय केलंस पोरीचं! हे काय केलंस तू!"

यारिनाने डोक्यावरून हात फिरवला. मानेपासून कपाळापर्यंत, सावकाश. कुठं बोटभर, कुठं नखभर. ती लाल डोळ्यांनी हसायला लागली. "राहू दे गं आई. हेल्मेट बरं बसेल."

वार्वारा माझ्याकडे बघायला लागली. मग तिच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे, बराच वेळ. तिने पिशवी खाली ठेवली, कोट काढला, हात धुतले. माझ्या हातातून कात्री घेतली.

"डावीकडे जास्त राहिलेत," ती म्हणाली.

डावीकडे काही राहिलं नव्हतं. ती यारिनाच्या मागे उभी राहिली आणि कात्री वाजवायला लागली. यारिनाने डोळे मिटले, मान थोडी पुढे केली, आणि जिथं थांबली होती तिथून पुढे सांगू लागली.